शून्याला बाजू नाही म्हणणारे गुरुजी

नारायणराव गुरुजींची आणि माझी ओळख एका चुकलेल्या गाडीमुळे झाली. माझे यजमान नुकतेच वारले होते आणि मी अमरावतीला भावाकडे राहायला आले होते. एका सकाळी मी विहिरीवरून पाणी घेऊन येत होते. शेजारचे गुरुजी अकोल्याची गाडी धरायला टांग्यात चढत होते. समोरच्या ओट्यावरून बापूसाहेब वकील ओरडले, "गुरुजी, उतरा! बाई आडवी आली. घोटभर पानी प्या, मंग निघा."

"कावून? मले तहान नाही."

"अपशकुन झाला ना!"

"बाईंच्या येण्यानं गाडी लवकर येत नाही, अन् उशिराही येत नाही. परिणाम शून्य."

"शून्य म्हणजे वाईटच ना!"

गुरुजी उतरले, पाणी प्यायला नव्हे, वाद घालायला. शून्य वाईट नाही आणि चांगलेही नाही, हे पटवता पटवता गाडी निघून गेली.

"पाह्यलं? चुकली ना गाडी!" बापूसाहेब म्हणाले.

"तुमच्यापायी चुकली," गुरुजी म्हणाले.

यजमान गेल्यापासून त्या दिवशी मला पहिल्यांदा हसू आले.

यजमानांच्या पेटीतली पुस्तके मी एकटीच वाचत असे. गणित मात्र अडे. ते गुरुजी ओट्यावर बसून समजावीत, त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, शेजारी वाती वळत बसत.

पुढे मुलींच्या शाळेत मास्तरणीची जागा निघाली. भावाच्या घरी जन्मभर मिंधे राहायचे नव्हते, म्हणून मला ती हवीच होती. समितीचे अध्यक्ष बापूसाहेब आणि गुरुजी सभासद. मुलाखतीत पाटीवरची गणिते झाल्यावर बापूसाहेबांनी विचारले, "सांगा बाई, शून्य धन का ऋण?"

"दोन्ही नाही."

"चूक! त्याच्यामागं वजाची खूण नाही. आरोप नाही, म्हणजे निर्दोष. म्हणजे धन!"

"त्या दिवशी तं तुमी त्याले वाईट म्हणत होता," गुरुजी म्हणाले.

"तो ओटा होता. हे कामकाज आहे."

गुरुजींनी त्यांना उठवून उंबरठ्यावर उभे केले. "आत टाकलेलं पाऊल धन, बाहेर टाकलेलं ऋण. आता शून्य पावलं आत या." बापूसाहेब जागचे हलले नाहीत. "आता शून्य पावलं बाहेर जा." तरीही हलले नाहीत. "सांगा, आत आहा का बाहेर?"

"मी दारातच आहो!"

त्यांच्या मागे चपराशी चहा घेऊन उभा होता. "साहेब, काहीतरी ठरवा. चा थंडा होऊन राहिला."

सगळे हसले. जागा मिळाली असे मी धरून चालले. तेवढ्यात गुरुजीच गंभीरपणे म्हणाले, "शून्याचं उत्तर बरोबर आहे. पण पाटीवरचं बाईंचं अपूर्णांकाचं गणित चुकलं. आज नेमू नये. पुढच्या बैठकीला पुन्हा बोलवावं."

घरी येऊन मी रडले. संध्याकाळी गुरुजी आणि वहिनी पाटी घेऊन दारात हजर.

"राग आला?"

"आला."

"येऊ द्या. आधी छेद सारखे करा."

पुढच्या बैठकीत माझी नेमणूक झाली. विधवा म्हणून दया केली, असे बापूसाहेबांनाही म्हणता आले नाही. गुरुजींचे माझ्यावरचे सर्वांत मोठे उपकार हेच.

आज गुरुजींना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. देवाने त्यांचे डोळे, गुडघे आणि आवाज शाबूत ठेवावा. माझ्या वर्गातल्या मुली आता माझी चूक भर वर्गात दाखवू लागल्या आहेत. थोड्याच वर्षांत त्या गुरुजींशी भांडायला येतील. तेव्हा ते ओट्यावर ठणठणीत बसलेले हवेत.