साडूंचा त्रांकीलो

घाबरण्यात आमच्या थोरल्या साडूंची बरोबरी करील असा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात नाही, आणि असलाच तर तो भीतीपायी घराबाहेर पडलेला नाही. पंख्याखाली ते झोपत नाहीत. एसटीत चढले की संकटकाळी बाहेर पडायचं दार शोधतात आणि त्या सीटवरच्या माणसाला ते उघडता येतं का, याची परीक्षा घेतात. लोहाऱ्याच्या कारखान्यात नोकरीला होते तेव्हा गेटपाशी पोचताच घरी फोन करून म्हणायचे, "गॅस पाहा बरं." घरातून कोणी कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला का जाईना, 'पोचलो' असा फोन केलाच पाहिजे, हा त्यांचा कायदा. मी एकदा बोरी अरबला लग्नाला गेलो आणि तो फोन विसरलो. ऐन अक्षतांच्या वेळी मांडवातल्या लाउडस्पीकरवर माझ्या नावाचा पुकारा झाला. त्या दिवशी लोकांनी नवरदेवापेक्षा मलाच जास्त पाहिलं.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने स्पेनमध्ये नोकरी धरली आणि तिथल्याच मुलाशी लग्न केलं. जावई भला, पण त्याला मराठी येईना, साडूंना स्पॅनिश. साडूंनी त्याला एकच शब्द शिकवला, 'पोचलो', आणि तो बिचारा ऑफिसला गेला तरी इमानाने तसा फोन करू लागला. त्याच्या तोंडी सारखा 'त्रांकीलो' असायचा. मी मोबाइलमध्ये शोधून सांगितलं, त्रांकीलो म्हणजे शांत. एवढ्या भांडवलावर मी साडूंचा गुरुजी झालो. गाव त्रांकीलो, टेकडी त्रांकीलो, असे धडे झाले, आणि एका रविवारी माझ्याच सल्ल्याने त्यांनी व्हिडिओ कॉलवर जावयाला निवलेलं पिठलं दाखवून तेही त्रांकीलो असल्याचं कळवलं. जावई काळजीत पडला. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, गावाले म्हणा, समुद्राले म्हणा, पिठल्याले नोका म्हणू. सर्वात जास्त तर घाबरलेल्या माणसाले म्हणतात. भिऊ नको, मी आहो, असं."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे जावई इतके दिवस मलेच म्हणून राह्यला होता."

मग तिचं बाळंतपण आलं. मेहुणीबाईंचा व्हिसा वेळेत झाला नाही. एका संध्याकाळी मुलीचा फोन आला, बाळ अडलंय, ऑपरेशनला आत नेताहेत, आणि पुढे काहीच नाही. आम्ही तिघं बसून राहिलो. चहावर साय धरली. साडू कशालाच भीत नव्हते, गॅसचंही नाव काढत नव्हते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. फोन वाजला. पडद्यावर दवाखान्याच्या भिंतीला टेकलेला जावई हुंदके देत काहीतरी सांगत होता. अक्षर कळेना. मेहुणीबाईंनी तोंडाला पदर लावला. मी भाषांतर शोधायला गेलो आणि माझ्या मोबाइलचा टॉर्च लागला. साडूंनी फोन हातात घेतला.

"त्रांकीलो, राजा," ते म्हणाले. "त्रांकीलो. आम्ही आहो ना."

जत्रेत चुकलेल्या लेकराला समजावावं तसे ते तेच तेच म्हणत राहिले. जावयाचा श्वास हळूहळू खाली बसला. मग त्याला कोणी हाक मारली, आणि बराच वेळ आम्हाला फक्त दवाखान्याचं पांढरं छत दिसत राहिलं. त्यानंतर स्ट्रेचरवर डोळे किलकिले केलेली मुलगी दिसली, तिच्या गालाशी दुपट्यातलं बाळ, आणि मागून जावयाचा रडवेला आवाज आला, "पोचलो."

साडूंनी फोन मेहुणीबाईंच्या हातात दिला. मग म्हणाले, "गॅस पाहा बरं."

आज सकाळी ते दोघं नातीला कडेवर घ्यायला निघाले. नागपूरला विमानतळावर मी त्यांना सोडलं, संकटकाळच्या दारावरून हवी तेवढी टिंगलही केली. आता दुपार कलली आहे. मुंबईला उतरून कधीच फोन यायला हवा होता. उशीर झाला असेल, फोन पिशवीच्या तळाशी असेल, सगळं कळतं. बायको जाता जाता खांद्यावर हात ठेवून "त्रांकीलो" म्हणाली. उच्चार चांगला होता. मी उठून गॅस पाहून आलो.