आक्कांचा उरलेला सिनेमा

आक्कांनी आम्हाला कधीही एकही सिनेमा एका बैठकीत पूर्ण पाहू दिला नाही. मध्यंतराची पाटी आली की त्या उठून प्रोजेक्टर बंद करायच्या. नायक दरीत लोंबकळत असो, की नायिकेचं लग्न भलत्याशीच लागत असो, त्यांना दयामाया नव्हती. "बाकीनं पुढला शनवारले," असं म्हणून त्या हॉलचे दिवे लावायच्या. वसाहतीत त्यांचं नावच इंटरव्हल आक्का पडलं होतं.

आमची वसाहत नंदुरबारच्या बाहेर, प्रकाशा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मुलं सुरत-पुण्याला पांगलेली आणि नोकऱ्या संपलेली, अशा म्हाताऱ्यांची. एका निवृत्त प्राध्यापकांनी हौसेनं 'फिल्म अँड वाईन क्लब' अशी पाटी रंगवून हॉलवर लावली, पण क्लब चालवला तो आक्कांनी. त्या तापीकाठच्या गुजर घरातल्या, नवऱ्यामागे केळीची शेती सांभाळून थकल्यावर इथे राहायला आलेल्या. प्रोजेक्टर त्यांचा आणि वाईनही त्यांचीच, तोरणमाळकडून आलेल्या जांभळांची, बरणीत मुरवलेली. गळ्यात माळ असलेले आमचे हेडमास्तर पेला पुढे करायला कचरायचे. "घ्या हो गुरुजी, जांभूयना रस शे," आक्का म्हणायच्या. पुढे पुढे गुरुजी घरून स्वतःचा मोठा पेला आणू लागले.

अर्धाच सिनेमा का, असं मी एकदा चिडून विचारलं होतं.

"वहिनी, आपलं वय काय शे? अर्धं पिच्चर सोडीसन कोनी जास का?"

तेव्हा मला ती गंमत वाटली.

मग करोना आला आणि हॉलला कुलूप लागलं. आक्कांनी पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर पांढरी चादर ठोकून घेतली. शनिवारी दिवेलागणीनंतर आम्ही आपापल्या गॅलरीतून सिनेमा बघायचो. वाईनची बाटली पिशवीत घालून आक्का प्रत्येकाच्या फाटकाला अडकवून जायच्या. हळूहळू समोरच्या गॅलऱ्यांतल्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. गुरुजी तर सिनेमा अर्ध्यावर सोडूनच गेले. आक्कांनी पुढच्या शनिवारी त्यांच्या फाटकाला पिशवी अडकवली आणि त्यावर कुणाला एक शब्द बोलू दिला नाही. पडद्यावर काय चाललंय याकडे माझं लक्षच नसायचं. आज कोण कोण बाहेर येऊन बसलंय तेवढंच मी बघायची.

अशाच एका शनिवारी मध्यंतर झालं आणि दोन दिवसांत आमच्या ह्यांना श्वास पुरेना. रुग्णवाहिका दारात आली तेव्हा आक्का पदर तोंडाला लावून लांब उभ्या होत्या.

"भाऊ, अर्धं पिच्चर बाकी शे!" त्या ओरडल्या. ह्यांनी कसाबसा हात हलवला.

पुढच्या शनिवारी आक्कांनी सिनेमा लावलाच नाही. त्यानंतरही नाही. लोक कुरकुरले, निदान दुसरा तरी लावा म्हणाले. "भाऊ येतीन, मंग लावसूत," एवढंच त्यांचं उत्तर. मला रोज फोन करायच्या आणि ठेवताना ह्यांच्यासाठी तोच निरोप द्यायच्या, अर्धं बाकी शे. मी तो दवाखान्यात पोचवायची. नाकातोंडाला नळ्या लावलेला माणूस काय ऐकतो, देवाला ठाऊक. पण हे परत आले. "सिनेमा संपला नव्हता ना," असं हे अजून सांगतात, आणि ते थट्टेत सांगत नाहीत.

हे आले तेव्हा आक्का नव्हत्या. आठवडाभर आधी तीच गाडी त्यांना घेऊन गेली होती आणि त्यांना 'अर्धं बाकी आहे' असं ओरडून सांगायचं कुणालाच सुचलं नाही. मला तरी सुचायला हवं होतं.

टाकीवरची चादर अजून तिथेच आहे. संध्याकाळी तिच्यासमोरून जाताना माणसं वाकून जातात, मागच्यांना अडथळा नको म्हणून. मागे कुणी नसतं. मीही वाकते. सिनेमा तसा साधाच, कुठल्याही मोबाईलवर सापडेल. पण आमच्या वसाहतीत त्याचा शेवट कुणी पाहिलेला नाही. आक्कांचा मुलगा प्रोजेक्टर आमच्याकडे ठेवून गेला, तो कपाटात आहे.

ह्यांची छाती पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. हल्ली जिना चढताना मध्येच बसतात, ताटात अन्न तसंच राहतं. गेल्या शनिवारी दिवे लागल्यावर काठी टेकत कपाटापाशी गेले, प्रोजेक्टर काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आज उरलेला बघून टाकू. दमलो गं मी आता."

मी मूळची रत्नागिरीकडची. इतकी वर्षं इथे काढून मला धड अहिराणी बोलता येत नाही, म्हणून आक्का मला चिडवायच्या. पण त्या क्षणी तोंडून निघालं ते त्यांच्याच सुरात निघालं.

"बाकीनं पुढला शनवारले."

ह्यांनी दचकून आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी प्रोजेक्टर उचलला आणि परत कपाटात ठेवला.