वाघाच्या ग्रुपवर

आमच्या गावात मोबाइलवर खऱ्या उपयोगाचा ग्रुप एकच, वाघाचा. मूल या तालुक्याच्या गावाहून जंगलाच्या बाजूला निघालं की प्रत्येक गावाचा असा एक असतो. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पंज्याचा ठसा दिसला की फोटो काढायचा, जागा लिहायची आणि लगेच टाकायचा. ज्यानं पाहिला त्यानं तो पुढच्या गावाला पाठवायचा, कारण जनावर तिकडंच निघालेलं असू शकतं. आधी टाका, मग बोला. मोहफुलं वेचणाऱ्या बाया या ग्रुपच्याच भरवशावर घराबाहेर पडतात. घरटी एक माणूस त्यात असल्यामुळं शाळेच्या सूचनाही मी तिथंच देत असे.

माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती, बोलताना अडखळायची. हजेरीला नुसतं ‘हजर’ म्हणायचं, तरी ‘ह’वरच गाडी अडायची. सगळा वर्ग थांबायचा, मीही थांबायची. इतकी वर्षं शिकवते आहे, पण इतकी चिवट पोरगी मी पाहिली नाही. दोन महिने मधल्या सुट्टीत माझ्यासमोर उभं राहून तिनं एकच भाषण घोटलं आणि सव्वीस जानेवारीला अख्ख्या गावासमोर म्हटलं. मध्येच एका शब्दावर अडकली, डोळ्यांत पाणी आलं, तरी खाली बसली नाही. शेवटचं वाक्य म्हणूनच उतरली. स्वतःच्या मुलीच्या निकालानंही मला एवढा आनंद झाला नव्हता.

तिच्याच एका मैत्रिणीनं तेवढा अडकलेला भाग आईच्या मोबाइलवर घेतला होता. त्याला बकरीचं ओरडणं जोडून चार-पाच जणींना पाठवला. त्यातल्या एकीनं मला दाखवला आणि माझं डोकं सणकलं. तो व्हिडिओ मी मागून घेतला आणि तिथल्या तिथं वाघाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘लेकराची अशी थट्टा करणं पाप आहे. पालकांनी लक्ष द्यावं. हा व्हिडिओ कोणीही पुढे पाठवू नये.’ मुलीला आधी विचारावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. संकट दिसलं, ग्रुपवर टाकलं, आता गाव सावध होईल असं वाटलं.

लोकांनी हाताच्या सवयीनं तो पुढच्या गावाला पाठवला. खालची ओळ कोण वाचतो? संध्याकाळी माझ्या ध्यानात आलं आणि मी तो ग्रुपवरून काढला, पण तोवर मूलच्या बाजारात पानठेल्यावर लोक तो लावून हसत होते. पोरीला मी आगीतून फुफाट्यात ढकललं होतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. आई अंगणात धान पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “चार पोट्ट्यायनं पाह्यलं होतं, मॅडम. मले तं मालूमबी नव्हतं. तुमी दहा गावायले दाखवलं.”

“मी तिच्या भल्यासाठीच...”

“माही पोरगी वाघ हाय का, ग्रुपवर टाकाले?”

मुलगी आत होती. मी दाराशी उभी राहून तिची माफी मागितली. घरी येताना मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

मग मी गावोगाव फिरले, लोकांना समोर उभं करून तो व्हिडिओ पुसायला लावला. एका म्हाताऱ्यानं सरळपणानं विचारलं, “कोनता, मॅडम? बकरीवाला का?” पोरीची ओळख दोन महिन्यांच्या भाषणानं झाली नाही, या एका शब्दानं झाली. आता मी वर्गात शिकवते की कोणाचाही फोटो पाठवण्याआधी त्याला विचारा, चांगल्या हेतूनं पाठवत असलात तरी विचारा. सांगताना माझी नजर तिच्या बाकाकडे जात नाही.

ती पंधरा दिवसांनी शाळेत आली. मैत्रिणीनं रडून माफी मागितली, दोघी पुन्हा खिचडीला शेजारी बसू लागल्या. पोरींचं पोरींत मिटलं. पण त्या दिवशी हजेरीला मी तिचा नंबर घेतला, तर तिनं नुसता हात वर केला. मी नेहमीसारखी थांबले. वर्गही थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली, ओठ मिटलेले, हात तसाच वर. मी तिची हजेरी मांडली आणि पुढचा नंबर घेतला. तेव्हापासून ती रोज हातच वर करते.