आदर्कीच्या घाटातले दहा खिळे

हुसेनचाचा नालबंद. माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर हे एकच नाव. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही — आणि चाचा तर चांगले जिवंत, धडधाकट आहेत. म्हणूनच हा अनुभव काय म्हणून सांगावा, तेच कळत नाही.

आमचं गाव उंब्रज. हमरस्त्याच्या कडेला, लिंबाखाली, चाचा बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकतात. चौथीनंतर वडील मला शाळेतून काढायला निघाले, तेव्हा चाचाच आडवे आले. "आवं दादा, बैल बाजारला धाडताना पायाला लोखंड मारून घेता. पोरगं निस्तं शाळंला धाडायचं, तर जीव जातोय व्हय तुमचा?"

कॉलेजसाठी पुण्याला निघालो त्या दिवशी त्यांनी माझ्या चपलांच्या तळाला पाच-पाच खिळे ठोकले. प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर छिन्नीची एक आडवी रेघ — ही त्यांची खूण. "पुण्याची वाट दगडाची हाय, शिवा. घसरू नगंस."

होस्टेलच्या फरशीवर त्या खिळ्यांचा टक टक आवाज व्हायचा. "आला रे, उंब्रजचा बैल आला!" मुलं ओरडायची. मीही हसायचो. खोलीचं दार लावल्यावर मात्र हसू यायचं नाही. चार वर्षांत त्या दाराशी माझं असं कुणी आलं नाही.

बी. ए. झालो. घराण्यात पहिलाच. सांगलीच्या एका शाळेत मास्तरकीची मुलाखत आली. तिथे हा आवाज नको, म्हणून आदल्या दिवशी पकड मागून आणली, दहाही खिळे उपसले आणि होस्टेलमागच्या ओढ्यात भिरकावले. टपटप पडले... अजून ऐकू येतं.

लढाईचे दिवस, मे महिना. सकाळच्या गाडीने निघालो. सालपे सोडल्यावर घाट लागतो. गाडी इतकी हळू चढते की पोरं उतरून करवंदं तोडतात, गाडीबरोबर चालतात आणि पुन्हा चढतात. डब्यात मी, आणि रहिमतपूरला निघालेली एक म्हातारी; मुलाखतीचं कळल्यापासून ती मला 'मास्तर'च म्हणत होती. दुपारचं ऊन, डबा भट्टीसारखा तापलेला. मीही उतरलो.

वाळलेलं गवत किती निसरडं असतं, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी सांगायला नको. पण गुळगुळीत तळ घेऊन मी चढावर गेलो — आणि घसरत खालच्या चरात पडलो. पाय मुरगळला. वर पाहिलं तर शेवटचा डबा पुढे चाललेला. ट्रंक गाडीत, सर्टिफिकिटं ट्रंकेत, मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी. ओरडलो. इंजिनाच्या आवाजात कोण ऐकणार? त्या डोंगरात मी अगदी एकटा होतो...

तेवढ्यात मागून खडीवर टक टक आवाज आला.

"पाय बगून टाक की रं, गड्या."

काखेत एक हात आला. घट्टे पडलेला, खरखरीत. मला वळूही दिलं नाही. त्या हाताने मला उचललं, पळवलं आणि शेवटच्या डब्याच्या पायरीवर ढकललं. गार्डने दंड धरून आत ओढलं.

"मरायचंय का?" तो डाफरला.

"मागे ते... त्यांनाही घ्या!"

"कोणाला? लांबून बघतोय मी. एकटेच लंगडत पळत होता."

मागे रूळ, खडी आणि ऊन. माणूस नाही.

आदर्कीला उतरून माझ्या डब्यात आलो. म्हातारीने माझ्या पायांकडे पाहिलं. "मास्तर, चपलांस्नी पत्री मारलीया व्हय? बैलावानी वाजत्यात की!"

चप्पल उलटी केली. पाच खिळे. दुसरीला पाच. प्रत्येकावर आडवी रेघ.

संध्याकाळी मसूर आलं. उंब्रजला जायचं तर इथेच उतरायचं. चाचा नेहमी इथपर्यंत पोचवायला यायचे. आज फलाटावर ओळखीचं कुणीच नव्हतं. गाडी सुटली.

नोकरी लागली. पुढे दिवाळीला घरी गेलो तेव्हा वडील सहज म्हणाले, "तू सांगलीला गेलास नव्हं, त्याच दिशी दुपारी हुसेननं पत्री ठोकायला बैल पाडून बांधला, अन् काम आर्धं टाकून उठला. जल्मात असं केलं न्हाई त्यानं. घटकाभरानं परत हातोडा घेतला." चाचांना विचारलं, तर म्हणाले, "उनाचं चक्कर आलं आसंल." आणि कुणा पाहुण्याचा बैल कसा लाथा झाडत होता ते सांगत बसले.

चपलांना पुन्हा खिळे मारून घेतले असशील, असं मित्र म्हणतात. मी त्या कुठेही दिल्या नव्हत्या. सांगलीला परत आल्यावर हे पत्र लिहिलं, तेवढंच—

"तीर्थस्वरूप हुसेनचाचा यांस, शिवाचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र पोस्टमन लिंबाखाली मोठ्याने वाचतील आणि बैलगाडीवाले ऐकतील, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच लिहितो. तुम्ही ठोकलेले खिळे मी पुण्यात माझ्या हाताने उपसले. मला त्यांची लाज वाटली. घाटात त्या दुपारी कोण होतं, ते पुन्हा विचारत नाही. आता वर्गात चालताना टक टक वाजतं. पोरं हसतात. हसू देत. तळ झिजत आलाय. शिमग्याला येईन, तेव्हा पुन्हा ठोकून द्या.

तुमचा शिवा."