आर्डिसच्या खात्यावर दुसरं नाव

मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात आर्डिस टॉलेफसनची सगळी नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. अर्धं गाव तिच्या हातचं जेवून मोठं झालेलं. नवरा गेल्यावर तिनं आयुष्यात पहिल्यांदा एकटीच्या नावाचं खातं उघडलं, आणि त्याचा तिला केवढा तोरा! म्हणूनच मुलगी कार्ला जुलैत म्हणाली, "आई, खात्यावर माझंही नाव घालू या," तेव्हा तिनं कॉफीचा कप ठक्कन टेबलावर ठेवला.

चूक झाली होती खरी. नातवंडांच्या वाढदिवसाला आर्डिस शुभेच्छापत्रात घालून पन्नास डॉलरचा चेक धाडायची. पोरं एकजात आळशी. कुणाचा चेक फ्रिजवर चुंबकाखाली, कुणाचा गाडीच्या खणात, महिनोन्महिने तसाच. इकडे आर्डिस एटीएमवर शिल्लक बघायची आणि दिसेल ती सगळी आपलीच समजायची. तशी समजून तिनं शिकारीच्या हरणाचं मटण ठेवायला मोठा फ्रीझर घेतला.

चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, सगळं गोत अंगणात जमलं. थोरल्या नातवानं फोन उंचावला. "चेकचा फोटो काढला की पैसे जमा! बँकेत जायलाच नको."

मग काय, सगळ्यांनी आपापले चेक शोधून काढले आणि फोटो काढून एकदम भरले. आर्डिस मक्याची कणसं भाजत कौतुकानं बघत होती. खातं रिकामं झालं तरी बँकेनं चेक वटवले आणि प्रत्येक चेकमागे पस्तीस डॉलर दंड लावला.

"पन्नासाच्या भेटीला पस्तीसचा दंड," कॉफीच्या टेबलाशी कार्ला म्हणाली. "मला रात्री झोप लागत नाही गं."

"मग झोपेची गोळी घे. माझं खातं कशाला घेतेस?"

"आई!"

"मला एकदा बँकेत बोलू दे. नाही जमलं तर घाल तुझं नाव."

काउंटरवर जोलीन होती. लहानपणी शाळेत दुसऱ्यांदा खीर मागणारी.

"जोलीन, हे दंड काढून टाक."

"आर्डिसकाकू, असं कसं काढू?"

"याआधी कधी चुकले होते का मी? बघ की."

जोलीननं बघितलं, आत जाऊन मॅनेजरला विचारलं आणि हसत परतली. पहिलीच वेळ म्हणून दंड माफ झाले. "पण काकू, तुमचं बचत खातं याला जोडून देते. पैसे कमी पडले तर तिथून येतील, फुकट. आणि शिल्लक दोनशेच्या खाली गेली की फोनवर निरोप येईल."

"निरोप कार्लालापण पाठवू?" जोलीननं विचारलं.

आर्डिसनं मान हलवली. "नको. तिला झोपू दे."

त्या दिवसापासून दिलेला चेक वटो न वटो, आर्डिस ते पैसे लगेच मनातून वजा करू लागली. नातवंडांनाही तंबी मिळाली: आठवड्यात चेक भरला नाही, तर पुढच्या वर्षी हातानं विणलेले मोजे.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपत आली असताना तिचा फोन ठणाणला. माना वळल्या. कार्लानं कपाळाला हात लावला.

"काय झालं, आई?"

"काही नाही. विजेचं बिल गेलं, शिल्लक दोनशेच्या खाली आली," आर्डिस मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "बँक सगळं मला कळवूनच करते हल्ली."

कार्लाला हसू आवरेना. खात्यावर नाव घालायची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही.