घंटी कोणाच्या गळ्यात

दौलतसिंग हट्टापायी नोकरीले मुकला म्हणते लोक. म्हणोत बापडे! मी प्रयागबाई, तवा जनपद सभेच्या, म्हंजे तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या हपिसात पाणी भरत होती. आमचा मुलूख मध्य प्रदेशात होता तवाची गोष्ट. जे झालं थे माह्या डोळ्यादेखत झालं, म्हून माह्यापुढे कोणी शायनपणा करू नोका.

दौलतसिंग तिथं चपराशी होता. बंजाऱ्याचा गडी, उंचापुरा, नाकावर माशी बसू देत नसे. त्याचा आजा बैलाच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर फिरे, अन् नातवाच्या छातीवर सरकारी पितळी पट्टा! साऱ्या तांड्यात पगाराची नोकरी त्या एकट्याले. त्याची बायको हिरीबाई थो पट्टा रोज राखेनं घासून देत जाये.

जुने सायेब होते तवा हपिसाले जीव होता. कुठं पटकीची साथ आली का थे स्वतः सायकल काढत. गावच्या विहिरीत आपल्या हातानं लाल दवा टाकत, अन् मंग लोकाईसमोर तेच पाणी पेत. मागून आमचे सारे जण पळत. दवा टाकणारा जगदेव तर उन्हातान्हात भाकर खायाचं विसरून जाये.

मंग नवे सायेब आले. येताना टेबलावरची घंटी घेऊन आले. पाणी पाहिजे, टिंग! खाली पडलेला टाक पाहिजे, टिंग! खुर्चीतून उठन त शपथ. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, दुसरं काय! दोन-चार महिन्यातच हपिसाले कळलं, घंटी वाजली का उठाचं, थांबली का बसाचं. तोच जगदेव आता नदीच्या अल्याड निंबाखाली झोप काढे अन् येऊन सांगे, "टाकली दवा, सायेब." सायेब मान हालवत. पाह्यले कोण जाते?

दौलतसिंग मात्र घंटीवर उठत नसे. नाव घेऊन हाक मारली का एका पायावर हजर. एक दिवस सायेब कडाडले, "बहिरा आहेस का रे?"

"नाई सायेब. आमच्या आजाच्या तांड्यात म्होरल्या बैलाच्या गळ्यात घंटी राहे. थो म्होरं चाले, बाकीचे त्याच्या मागं. मागं बसून कोणी घंटी वाजवली त एक बैल हालत नसे. मी त माणूस हावो."

"उद्या घंटीवर आला नाहीस तर पट्टा काढून ठेवायचा!"

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेली. हिरीबाई आदळआपट करून राह्यली होती. "तांड्याले तोंड काय दाखवू मी? टिंग वाजलं का उठाचं, तुह्या बापाचं काय जाते?" दौलतसिंग खाली मान घालून म्हणे, "तू म्हणशीन त उठतो." नवऱ्याची मान खाली तिनं कधी पाह्यली नव्हती. उठली, खुंटीवरची आजाच्या बैलाची जुनी घंटी काढली अन् त्याच्या मांडीवर ठेवली. "जाय, दाखव त्याले."

दुसऱ्या दिवशी नदीपल्याडच्या तांड्यातून प्रेमसिंग धापा टाकत आला. तांड्यात पटकी लागली होती. त्याची माय गेली होती, पोरगी अंथरुणाले खिळली होती. "आमच्या विहिरीत दवा कोणी टाकलीच नाई जी!" थो रडून राह्यला होता. जगदेवचं तोंड काळंठिक्कर पडलं.

सायेबानं घंटी वाजवली. ओसरीवरून कोणी उठलं नाई. टिंग टिंग टिंग! प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाहे. पटकीच्या तोंडी कोण जाईन?

दौलतसिंग उठला. थेट आत गेला अन् बैलाची घंटी दाणकन टेबलावर ठेवली. "सायेब, ही घाला गळ्यात अन् चाला म्होरं. तुमी निंगाले का जगदेव येईन, मी येईन, ही प्रयागबाई घागर घेऊन येईन. नाई त आत्ताच मले काढा."

सायेबाचे कान लालबुंद झाले. खुर्ची काही सोडली नाई. "निघ! पट्टा ठेव अन् निघ!"

दौलतसिंगनं पट्टा उतरवून टेबलावर ठेवला. मंग कपाटातली लाल दवेची बाटली काढली, आजाची घंटी हातात घेतली अन् वाजवत रस्त्याले लागला. माहं रक्त असं उसळलं म्हणता! घागर उचलली अन् मागं निंगाली. जगदेवनं पायात जोडा घातला, डोळे पुसले अन् पळतच आला. बाबू लोकबी उठले. तांड्याच्या विहिरीत दवा टाकली, आजाऱ्याईले उकळलेलं पाणी पाजलं. प्रेमसिंगची पोरगी वाचली का नाई, थे तुमी तिलेच इचारा. लेकरं झाले तिले.

नोकरी गेली थे गेलीच. हिरीबाईनं पुन्हा त्या नोकरीचं नाव काढलं नाई, अन् थो आयुष्यभर मजुरी करून ताठ मानेनं जगला. हट्टी म्हणणाऱ्याले मी एकच इचारते, त्या दिवशी हपिसात माणसं किती उरले होते? एक. अन् थो रिकाम्या ओसरीकडे पाहून घंटी वाजवून राह्यला होता.