झुंबराखालचं जेवण

निजामाच्या अख्ख्या मुलखात काचेला जपणारी माणसं ढिगानं असतील, पण काचच ज्याला वचकून असायची असा माणूस मी एकच पाह्यला, माझ्या दोस्ताचा बाप. दोस्त म्हणजे कादर. त्यानं आणि मी बीडच्या एकाच शाळेत, एकाच मौलवीसाहेबांच्या छडीखाली उर्दू घोटलं. कादरच्या घरात पाच पिढ्यांपासून काचेचं काम. पुढं दुकान, मागं भट्टी. फुटक्या बाटल्या, फुटके आरसे, फुटक्या बांगड्या, जे मिळंल ते वितळवायचं आणि लांब नळीनं फुंकून त्याचे पेले, अत्तरदाण्या, दिव्यांच्या हंड्या, झुंबरं करायची. आसपासच्या देवळांत, दर्ग्यांत, देशमुखांच्या दिवाणखान्यांत जे काय लुकलुकायचं ते ह्यांच्याच फुंकरीचं. कादरच्या बापाला सगळं गाव अब्बा म्हणायचं. त्यांच्याहून वयानं मोठा असलेला अत्तरवालासुद्धा अब्बाच म्हणायचा, आणि अब्बा त्याला 'जीते रहो बेटा' म्हणायचे.

अब्बांचा डोळ्यांवर भरवसा नव्हता, कानावर होता. काचेची वस्तू दिसली की नखानं तिला टिचकी मारायची, मान तिरकी करून आवाज ऐकायचा, मग निकाल द्यायचा. ही खोड दुकानापुरती असती तर ठीक. पण लग्नात कुणी सरबताचा पेला पुढं केला की आधी टिचकी, मग घोट. एकदा हकीमसाहेब त्यांची नाडी बघायला आलते. ह्यांनी पडल्या पडल्या हात लांब करून हकीमाच्या चष्म्याला टिचकी मारली आणि म्हणाले, "हकीमसाब, डावी काच दोन दिसांची पाव्हणी हाय." आठवडा गेला न्हाई तोच हकीमसाहेब एक डोळा मिटून बाजारातून भिंती चाचपत जाताना सगळ्यांनी पाह्यले. आमच्या डोक्यांनाही सूट नव्हती. माझ्या कपाळावर टिचकी मारून त्यांनी कादरला सांगितलं, "आत बुडबुडा राह्यला. दोस्ती ठीक हाय, पण ह्याच्या हातात पेला देऊ नको."

दुकानात शिंकायला मनाई. नाक हुळहुळलं की गिऱ्हाइकानं पळत रस्त्यावर जायचं, मोकळं होऊन परत यायचं. आणि वस्तू मागितली म्हणजे मिळाली असंही न्हाई. आधी तपासणी. चकलांब्याचे एक पाटील हंडी घ्यायला आलते, तर अब्बांनी सोयरीक ठरवावी तशी चौकशी मांडली.

"पाटील, घरात मांजर हाय?"

"न्हाई."

"भांडण झालं तर कोण काय फेकतं?"

पाटील लाजले. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "मंडळी तांब्या फेकती."

"नेम कसा हाय?"

"नेम पक्का हाय, अब्बा."

"मग लावा बिनघोर. तांब्या तुमालाच लागंल, हंडीला न्हाई."

मी ह्या अब्बांची हुबेहूब नक्कल करायचो. दुकानामागं उभा राहून त्यांच्यासारखं खाकरलो की भट्टीवरचे गडी बिड्या विझवून कामाला भिडायचे. कोंबडा, तहसीलदार, तेल नसलेला रहाट, सगळे मी घशातून काढायचो. गाव पोट धरून हसायचं. अब्बा तेवढे हसत नव्हते.

त्यांच्या घराण्याचा एक रिवाज होता. झुंबर नेऊन टांगलं की घरच्या कर्त्यानं त्याच्या बरोब्बर खाली बसून पोटभर जेवायचं. मालाची हमी म्हणून आपलं डोकं ठेवायचं. तोवर गिऱ्हाइकानं त्याखाली पाऊल टाकायचं न्हाई. अब्बांच्या वडलांच्या आमटीत म्हणे एकदा वरून लोलक पडला. त्यांनी तो चाटून बाजूला ठेवला, जेवण पुरं केलं, हात धुतले आणि झुंबर उतरवून घरी परत आणलं.

साठीला टेकले तसा अब्बांचा दम उणावला. नळी फुंकायला छातीत वारं उरंना. काम कादरकडं आलं आणि कादरच्या नशिबी टिचकी आली. त्यानं पेला केला की टिचकी, मग "बेसूर!" आणि पेला परत भट्टीत. गावाला त्या पेल्यात खोट दिसायची न्हाई, पण अब्बांना ती ऐकू यायची. अशात पाटोद्याच्या एका देशमुखांकडून लेकीच्या लग्नासाठी झुंबराचं काम आलं. पहिल्या लोलकापासून शेवटच्या हंडीपर्यंत सगळं कादरनं केलं. अब्बा बाजेवर पाठमोरे बसून राह्यले. ह्या बारीला टिचकीसुद्धा मारली न्हाई, आणि तेच कादरला जास्त लागलं. मला म्हणला, "अब्बा ह्याच्याखाली जेवायला बसले न्हाईत तर मी हैदराबादची वाट धरतो बघ. तिथं बाटल्या धुईन, पण काच फुंकणार न्हाई." आणि कादर उगं तोंडाची वाफ दवडणाऱ्यातला नव्हता.

झुंबर कडब्यात गुंडाळून बैलगाडीनं निघालं. सोबत मीही गेलतो. अब्बा गाडीत बसले न्हाईत. बैलांच्या कानाशी चालत, "आहिस्ता, जनाब, आहिस्ता" करत राह्यले. कादरशी जन्मात ते इतकं गोड बोलले नव्हते.

देशमुखांच्या दिवाणखान्यात भरदुपारी झुंबर वर चढलं. घरची माणसं भिंतीला पाठ लावून उभी राह्यली. पाट मांडला, पत्रावळ आली. अब्बांनी वर बघितलं. देशमुखांची काठी मागून घेतली आणि तिच्या टोकानं एकेका लोलकाला हळूच डिवचत गेले. किण्... किण्... कादरनं खांब असा धरला होता की खांबच घामेजला असंल. सगळे लोलक झाले. अब्बांनी काठी परत दिली, पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढा."

कादरचा जीव भांड्यात पडला खरा, पण अर्धाच. कारण अब्बा नुसते जेवत होते. चांगलं न्हाई, वाईट न्हाई, पोराकडं एक नजर न्हाई. पुरणपोळीशीच काय ती बातचीत चालली होती. ती शांतता मला सोसंना. घशात खाज सुटली. मी खांबाआड सरकलो आणि बारीक काच तडकावी, मागून साखळी सुटावी, असा आवाज काढला. टिच्च... कर्रर्र!

देशमुख उडी मारून उंबऱ्यापल्याड गेले. वाढप्याच्या हातातलं तूप भिंतीला लागलं. आणि कादर? तो उलटा झुंबराखाली धावला आणि बापाचा दंड धरून ओढायला लागला.

"अब्बा, उठा! तुटतंय!"

अब्बांनी घास काय खाली ठेवला न्हाई. "बस बे," म्हणाले.

"अब्बा, अवो, डोस्क्यात पडंल!"

"बस म्हणलं ना! ते काय झुंबर न्हाई, त्या माकडाचा घसा हाय. तुझी काच फुटली तरी इतकी बेसूर फुटायची न्हाई."

कादर उभ्याचा खालीच बसला. अब्बांनी आपल्या पत्रावळीवरची अर्धी पोळी तोडून त्याच्यापुढं सारली. "खा. झुंबर तू केलंस, तर मी एकट्यानं कशाला जेवू?" नाक पुसत, पोळी चावत कादर वर त्याच्याच झुंबराकडं बघत राह्यला. मग अब्बा वाढप्याला म्हणाले, "त्या माकडालाबी वाढा. घसा कोरडा पडला असंल."

कादर हैदराबादला गेला न्हाई. अब्बा मात्र भट्टीपासून उठले ते दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. तिथं सकाळचं ऊन चांगलं यायचं. पुढं फार वर्षं राह्यले न्हाईत ते, पण राह्यले तोवर त्या पायरीवर लई सुखात होते. जुनी गिऱ्हाइकं सवयीनं त्यांच्यापुढंच थांबायची, "अब्बा, एक हंडी पाह्यजे होती." अब्बा डोळ्यांवर हात धरून वर बघायचे, अंगठ्यानं मागं दाखवायचे आणि म्हणायचे, "मला काय इचारता? मालक आत हाय."